भजनाला निघालेली गाडी

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि चारचाकी घेतलेलाही पहिला मीच. दोन्ही गोष्टी मी मिरवून सांगतो. ज्यांच्या घरी आजोबाच वकील होते त्यांना या मिरवण्याचं हसू येतं. येऊ द्यावं. माझे वडील होते तोवर अंजनगाव सुर्जीच्या बाजारात भाजी विकत राहिले, आई अजूनही विकते, आणि मी अमरावतीला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. यात मान खाली घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

गाडी मात्र जुनीच होती. डिझेलवर चालणारी, मागं समोरासमोर दोन बाकं असलेली, माणसं दाटीवाटीनं बसली तर अख्खं घर मावेल अशी जीपसारखी गाडी. एका रस्तेवाल्या कंत्राटदारानं ती मोडीत काढायला ठेवली होती, ती मी घेतली. तिच्या किलोमीटरचा आकडा एकदा पुरा फिरून शून्यावर आलेला होता आणि दुसऱ्या फेरीतही बराच पुढं गेला होता. इंजिन आतून झिजलेलं. झिजलेल्या इंजिनात ऑइल जिथं राहायला पाहिजे तिथं राहत नाही, थोडंथोडं वर चढून डिझेलसोबत जळतं, आणि मागून निळसर धूर निघतो. म्हणून मी सीटखाली ऑइलचा डबा ठेवत असे आणि दर खेपेला ऑइल मोजायची दांडी काढून पाहत असे. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. "मास्तरची गाडी तेल खाते," हे आमच्याकडं, अमुकाची म्हैस लाथ मारते, तसं बोललं जायचं. त्यात निंदा नव्हती.

आमचं गाव अंजनगावपासून जवळच. गावात बायांचं खंजिरी भजनाचं मंडळ आहे. खंजिरी म्हणजे एका हातात धरायचं, एका बाजूनं कातडं ताणलेलं आणि कडेला झांजा बसवलेलं लहानसं वाद्य. ती पाच-सहा जणींच्या हातात एकदम वाजायला लागली की अंगणात बसलेलं माणूस आपोआप गुडघा हलवतं. मंडळात एक जण भजन उचलते, म्हणजे ओळ आधी तीच म्हणते. बाकीच्या मागून झील धरतात. बरीच वर्षं भजन उचलायचं काम अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एका बाईंकडं होतं. त्या मुलाकडं पुण्याला राहायला गेल्या आणि मंडळापुढं प्रश्न पडला की आता उचलणार कोण.

माझी आई, जिला आम्ही माय म्हणतो, इतकी वर्षं मागच्या रांगेत झील धरत आली होती. तिला वाचता येत नाही. भजनं सगळी पाठ. आवाज जाड, बाजारात बसून मेथी-पालकाच्या नावानं ओरडून ओरडून झालेला. दुसरीकडं माझी धाकटी काकू होती. ती पेटी वाजवायची आणि मंडळाचा कारभारही तिच्याच हातात होता. तिची सून, म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, बी.ए. झालेली, आवाज रेडिओवर लावावा असा गोड. काकूच्या मनात काय होतं ते सांगायची गरज नव्हती.

अकोल्याच्या भजन स्पर्धेचं बोलावणं आलं तेव्हा आमच्याच ओसरीवर बैठक बसली. मी रविवारचा घरी होतो. माय भाजीच्या जुड्या बांधत बांधत म्हणाली, "अकोल्याले भजन मी उचलीन."

काकूनं पेटीचा भाता उघडून मिटला. "बाई, तठी मोठे मोठे मंडळं येतात," ती म्हणाली. माय तिची मोठी जाऊ, म्हणून ती मायला बाई म्हणते. "माइक असते. परीक्षक असतात."

"मंग? माइक चावते का?"

हशा पिकला. पण काकूनं आपली गोष्ट सोडली नाही. शेवटी ठरलं ते असं: अकोल्याला माय उचलेल, जमलं तर पुढंही तीच, नाही जमलं तर पुढच्या खेपेपासून सूनबाई, आणि मग यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. मायनं मान डोलावली. त्या दिवसापासून ती शेतात पाणी धरताना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून गायची. शेजारच्या वावरातला माणूस मला म्हणाला, "मास्तर, तुमची माय हरभऱ्याले भजन शिकवून राहिली काय?" मी म्हटलं, हरभरा तुझ्यापेक्षा लवकर शिकेल.

अकोल्याला जायला गाडी माझी, हे मीच आधी सांगून टाकलं. आणि एक गोष्ट मी मुद्दाम स्पष्ट केली की डिझेल माझं, गाडी माझी, कोणी काही द्यायचं नाही, काही आणायचं नाही. मला त्यात बरं वाटत होतं. ज्या बायांनी मला लहानपणी वावरात भाकरी खाऊ घातली त्यांना मी आपल्या गाडीत बसवून नेणार. त्यात कोणाचा वाटा मला नको होता.

पण आमच्या गावात भजनाला कोणी फुकट जात नाही. बैलगाडीचे दिवस होते तेव्हापासूनची ही रीत. एका घरची गाडी, दुसऱ्या घरचे बैल, तिसऱ्या घरचा चारा, आणि ज्याच्या घरी यातलं काहीच नाही तो निघायच्या आदल्या सांजेला येऊन चाकांना वंगण लावून जायचा. न सांगता यायचा आणि न सांगता जायचा. भजनाच्या गाडीला आपला हात लागला, एवढंच त्याला पाहिजे असायचं. मी कोणाला काही देऊ दिलं नाही म्हणजे घराघरातल्या पुरुषांपुढं पेच उभा राहिला होता. आपल्या बाया मास्तरच्या गाडीत फुकट बसून जातील? हे मला तेव्हा कळलं नाही. कोणी बोललंच नाही, तर कळणार कुठून?

आदल्या दिवशी दुपारी मी गाडी मारुतीच्या देवळापुढच्या मोकळ्या जागेत लावली. दांडी काढून पाहिली, थोडं कमी होतं तेवढं ऑइल टाकलं, पुन्हा दांडी पाहिली, पाणी पाहिलं, हवा पाहिली, आणि घरी जाऊन झोपलो. माझ्या गाडीच्या बॉनेटला बाहेरून दोन क्लिपा होत्या. त्या उघडायला किल्ली लागत नसे.

सकाळी थंडी चांगली होती. बाया एका रंगाची लुगडी नेसून आल्या; केशरी अंगाची, हिरव्या काठाची. कोणाच्या हातात ठेच्याची बरणी, कोणाच्या भाकरीचं फडकं. काकूनं पेटी चादरीत गुंडाळून सगळ्यात मागं बाकाखाली सरकवली. माय पुढं माझ्या बाजूला बसली. तिनं खंजिरी मांडीवर उलटी ठेवली होती आणि तिच्या कातड्यावर हात फिरवत होती, जणू ते तापलं आहे का पाहते आहे.

"भेव लागते का?" मी विचारलं.

"तू समोर पाह्य," ती म्हणाली.

दर्यापूरपर्यंत गाडी छान चालली. छान म्हणजे जरा जास्तच. एरवी चढावर जी कण्हायची ती त्या दिवशी तुरतुर पळत होती. मागं बायांनी गाणं सुरू केलं, मग कोणाच्या तरी सासूच्या गोष्टी, मग पुन्हा गाणं. दर्यापूर मागं पडलं की तो भाग लागतो जिथं विहिरीचं पाणी खारं. दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन, हरभरा, कुठं तूर काढून टाकलेली, आणि झाड पाहायचं तर नजर लांब न्यावी लागते. मी आरशात पाहिलं तर मागचा रस्ता दिसेना. निळा-पांढरा धूर, इतका की मागून येणारा मोटारसायकलवाला थांबून तोंडाला दुपट्टा बांधत होता.

मी पाय उचलला. इंजिनाचा आवाज कमी व्हायला पाहिजे होता, तो वाढला.

मला त्याच क्षणी कळलं. हे मी फुशारकीनं सांगत नाही, माझा विषयच तो आहे. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबली गेली की ती तापते, आणि तिच्यात जळण्यासारखं काहीही आलं की जळतं. ते डिझेलच असलं पाहिजे असं नाही. माझ्या इंजिनाला स्वतःचंच ऑइल हवेच्या वाटेनं मिळायला लागलं होतं. ते आता माझ्या पायाचं ऐकणार नव्हतं. जितकं पळेल तितकं जास्त ऑइल ओढेल, आणि जितकं ओढेल तितकं पळेल.

क्लच दाबून मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि ब्रेक लावला. गाडी थांबली. इंजिन मोकळं सुटलं आणि त्याचा आवाज असा चढत गेला की बायांचं गाणं मधेच तुटलं. "उतरा," मी म्हटलं, "सगळ्या उतरा, अन् वावरात जा, लांब जा." चावी फिरवून काढून घेतली. काही फरक पडला नाही.

बाया लुगडी सावरत उतरल्या. काकू नाल्यापलीकडून ओरडली, "बाप्पा! अरे बंद कर ना ते!"

"बंदच आहे काकू." मी हातातली चावी वर करून दाखवली.

"मंग हे कोन चालवून राहिलं?"

मी अजून गाडीतच होतो. एक उपाय शिल्लक होता. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकायची, ब्रेक पुरा दाबून धरायचा आणि क्लच सोडायचा. इंजिनाला ओझं झेपत नाही, ते गुदमरून बंद पडतं. मी तसं केलं. पण क्लचच्या प्लेटा म्हाताऱ्या झालेल्या. त्या नुसत्या घसरल्या आणि जळका वास आला. दुसरा उपाय म्हणजे बॉनेट उघडून हवेची वाट कापड कोंबून बंद करायची. मी खाली उतरलो, दुपट्टा हातात घेतला, आणि बॉनेट थरथरताना पाहून जागीच थांबलो. त्याच्याजवळ जाणं म्हणजे वेडेपणा झाला असता. मी वळलो आणि बायांच्या दिशेनं पळालो.

माय नाल्यापाशीच उभी होती. बाकीच्या लांब गेल्या, ती गेली नव्हती. तिनं माझं मनगट धरलं. आम्ही दोघं पाहत राहिलो. आवाज एका जागी पोहोचला, जिथून वर जायला जागा नव्हती, आणि मग लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा दणका झाला. गाडी एकदा उडी मारल्यासारखी हलली. पुढं सगळं शांत. हरभऱ्यात एक टिटवी ओरडत होती ती ऐकू यायला लागली.

"झालं?" मायनं विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

जवळ जाऊन वाकून पाहिलं. इंजिनाच्या बाजूला माझी मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्यातून आतला दांडा तुटलेल्या हाडासारखा बाहेर आला होता. खाली ऑइल वाहत होतं. इंजिन मेलं, आणि असं मेलं की दुरुस्तीचा प्रश्नच उरला नाही. मला फार वाईट वाटलं असं नाही. गाडी जुनी होती, ती कधीतरी जाणारच होती. माझ्या डोक्यात वेळ फिरत होती. अकोला अजून बरंच दूर, आणि मंडळांची हजेरी दुपारच्या आधी.

काकूनं तेवढ्यात हात करून एक पिकअप थांबवलीही होती. अंजनगावहून पानकोबीची पोती घेऊन अकोल्याच्या बाजारात हर्रासाला, म्हणजे लिलावाला, निघालेली. चालवणाऱ्यानं मान बाहेर काढली आणि मायला ओळखलं. "मावशी? तुमी अठी काय करून राहिल्या, आज बाजार नाई का?"

"भजनाले चाललो बापू. गाडी फुटली."

त्यानं माझ्या गाडीकडं पाहिलं, खालच्या तेलाकडं पाहिलं. "फुटली का मांडून ठेवली?" तो म्हणाला. "बसा पोत्यायवर. पण आत्ताच बसा, माहा हर्रास चुकते. अन् पायाखाली कोबी नका चेंदू."

बाया एकमेकींना हात देत चढायला लागल्या. आता जे बोलणं झालं ते मी शब्दाला शब्द सांगू शकतो. काकू चढली, पोत्यावर बसली, आणि वरून मायला म्हणाली, "बाई, तुमी राहा पोराजवळ. एकटा कसा थांबन तो अठी? सूनबाई उचलते भजन. बोलावणं त वाया नाई जाऊ द्या लागत."

तिच्या बोलण्यात लबाडी होती असं मी आजही म्हणणार नाही. कोणीही तेच म्हटलं असतं. आमच्याकडं पोराचं काही बिघडलं की आई थांबते. यावर बैठक घ्यावी लागत नाही. सूनबाईनं खाली पाहिलं. आणि खरं सांगतो, मीही तेच धरून चाललो होतो. माय थांबेल, तिला बसायला मी गाडीतली सीट काढून बाभळीखाली टाकून देईन, इथपर्यंत माझं ठरलं होतं.

माय माझ्याजवळ आली. "तुले लागलं का कुठी?"

"नाही."

"भाजलं?"

"नाही, माय."

"फोन हाय ना जवळ? भाकर हाय?"

"आहे."

"मंग मी काहून थांबू?"

ती पिकअपकडं वळली, खंजिरी आधी वर दिली, मग लुगड्याचा काष्टा नीट केला आणि चाकावर पाय देऊन चढली. ज्या बाईनं रोज सकाळी भाजीच्या टोपल्यांसोबत टेम्पोत चढण्यात आयुष्य घालवलं तिला कोणाचा हात लागला नाही. कोबीच्या पोत्यावर मधोमध बसली. काकूला म्हणाली, "सरक."

पिकअप निघाली. माय मागं वळून पाहील असं वाटत होतं. ती पाहत नव्हती. खंजिरीच्या झांजांत धूळ गेली होती ती पदरानं पुसत होती.

मी चुलतभावाला फोन लावला, ट्रॅक्टर अन् दोर घेऊन ये म्हणून सांगितलं, आणि गाडीजवळ बसलो. वारा थंड होता, ऊन चांगलं होतं. भाकरी खाल्ली. खाता खाता खालच्या ऑइलकडं लक्ष गेलं. ते रस्त्याच्या कडेवरून वाहत नाल्यापर्यंत गेलं होतं. इतकं ऑइल माझ्या गाडीत मावत नाही. धुरात जळून गेलं ते वेगळंच. शिवाय डिझेलच्या गाडीतलं ऑइल एवढं वापरल्यावर डांबरासारखं काळं असतं. हे चहाच्या रंगाचं, पातळ. मी काल टाकलेल्या चार घोटांनी असा रंग येत नाही. मी बसल्या बसल्या मनात हिशोब मांडत राहिलो आणि तो जुळेना.

ट्रॅक्टर आला तो चुलतभाऊ चालवत होता आणि मडगार्डवर त्याचे वडील, माझे काका, बसलेले. काका उतरले, गाडीभोवती फिरले, भोकात बोट घालून पाहिलं.

"असं कसं झालं?" ते म्हणाले. "तेलाची त कमी नव्हती."

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत म्हंजे? काल सांजच्याले मीच टाकलं ना. ट्रॅक्टरचा डबा होता घरी, पुरा रिकामा केला."

चुलतभाऊ दोराची गाठ मारत होता, तो थांबला. "तुमी कवा टाकलं?"

"दिवे लागले तवा. काहून?"

"मी त जेवून झाल्यावर टाकलं."

दोघं एकमेकांकडं पाहत राहिले. चुलतभाऊ हळूच म्हणाला, "अन् सकायी मंडळातल्या ढोलकीवालीचा नवरा बी डबा घेऊन देवळाकडून येत होता. मले वाटलं घासलेट आणलं."

"घासलेट कुठी भेटते आता?" काका म्हणाले.

"तेच त म्हणतो."

"दांडी पाहिली का कोणी?" मी विचारलं.

"कोनती दांडी?"

"तेल किती आहे ते पाहायची दांडी असते, काका. त्याच्यावर खूण असते. खुणेच्या वर तेल गेलं की ते हवेच्या वाटेनं चढतं, अन् गाडी तेच जाळत सुटते."

काकांनी पुन्हा भोकात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "आमी चाकाले वंगण लावाचो तवा कोनती दांडी पाहाचो? जास्त झालं त गळून जाये." आणि मग, माझ्याकडं न पाहता, "तू काही घेऊनच नाई राहिला त माणसानं काय करावं? बाया फुकट पाठवा का?"

यावर भांडण झालं असतं, व्हायला पाहिजे होतं. पण मला हसू फुटलं. दोन घरच्या तीन माणसांनी, एकमेकांना न कळू देता, अंधारात जाऊन माझ्या गाडीला आपापला वाटा पाजला होता, आणि गाडी तो घेऊन फुटली होती. चुलतभाऊ हसला. काका हसले नाहीत, पण त्यांनी तंबाखू काढली आणि आधी मला दिली. मी खात नाही हे त्यांना माहीत आहे.

दोर बांधला, मी स्टेअरिंगवर बसलो, आणि गाडी उलट दिशेनं, गावाकडं ओढली जाऊ लागली. बाकाखालून सरकून बाहेर आलेली, चादरीत गुंडाळलेली पेटी मला तेव्हा आरशात दिसली. घाईत सगळ्यांचं उतरणं झालं आणि ती तिथंच राहिली होती. म्हणजे अकोल्यात मंडळापाशी पेटी नव्हती. मी ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. सांगून काय होणार होतं?

दर्यापूर यायच्या आत चुलतभावानं एकदम ट्रॅक्टर थांबवला. मी कसाबसा ब्रेक लावला. तो फोन कानाला लावून हातानं खुणावत होता. सूनबाईनं त्याला फोन लावून, काही न बोलता, तो तसाच चालू ठेवून मंचावर ठेवला होता. त्यानं ट्रॅक्टर बंद केला. आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला, फोन बॉनेटवर ठेवून, त्याच्याभोवती वाकून उभे राहिलो.

कोणीतरी माइकमधून आमच्या गावाचं नाव घेतलं. मग बराच वेळ खरखर. कोणाचा तरी खोकला. मला वाटलं, आता सूनबाईचा गोड आवाज येईल आणि मायला मागं बसवलं हे मला कळून चुकेल.

मायचा आवाज आला. पण रोजचा नव्हता. घरी सरावाला पेटी लागायची ती आधीच्या बाईंच्या सुरात, आणि मायला त्या सुरापर्यंत जायला टाचा उंचावाव्या लागायच्या. ते मला ऐकू यायचं, फक्त शब्दांत सांगता येत नव्हतं. आज पेटी नव्हती. तिनं आपल्या जागी, खाली, सुरुवात केली. जाड, मातीसारखा आवाज, घाई नाही. पहिली ओळ तिनं एकटीनं म्हटली. झील आली ती थोडी चाचपडत, कारण बायांनाही हा सूर नवा होता. दुसऱ्या ओळीला सगळ्या सुरात बसल्या. मग खंजिऱ्या सुरू झाल्या आणि फोनचा तो टिचभर स्पीकर फाटायला लागला.

"हे वहिनी हाय?" काकांनी विचारलं.

"मंग कोन हाय?" चुलतभाऊ म्हणाला.

काकांनी टोपी काढून हातात घेतली. रस्त्यानं एक एस.टी. गेली, तिच्या आवाजात थोडं बुडालं. दुसरं भजन तिनं चढ्या गतीत घेतलं; मधे एका ठिकाणी ढोलकी पुढं पळाली आणि मायही तिच्या मागं पळाली, मग सावरली. मग टाळ्या, मग कोणीतरी पुढच्या मंडळाचं नाव घेतलं आणि फोन बंद झाला. आम्ही पुन्हा ट्रॅक्टर सुरू केला. मला वाटतं त्या वेळी आम्ही तिघंही गाडी विसरलो होतो.

सायंकाळी मी काकांची मोटारसायकल घेऊन अंजनगावच्या स्टँडवर गेलो. बाया एस.टी.तून उतरल्या. लुगड्यांना कोबीची पानं चिकटलेली, चेहरे थकलेले, आणि बोलणं एकमेकींच्या अंगावर चाललेलं. नंबर आला नव्हता. पहिला नाही, दुसरा नाही, उत्तेजनार्थही नाही. परीक्षकांपैकी एक जण म्हणाले म्हणे की पेटीशिवाय मंडळ बसवणं अवघड असतं. त्यावर काकू वाटभर तापलेली होती. "पेटी इसरलो ते माहं चुकलं," ती म्हणत होती, "पण गाणं इसरलो का आमी?"

माय माझ्याजवळ आली. गाडीचं विचारेल असं वाटलं.

"आयकलं का?" ती म्हणाली.

"ऐकलं. फोनवर, सगळ्यांनी."

"कसं झालं?"

मी खोटं बोलत नाही. तिच्याशी तर नाहीच. "पहिलं लय चांगलं झालं. दुसऱ्यात पळालीस."

"हो," ती म्हणाली. "ढोलकी पळाली, मी तिले सोडलं पायजे होतं, तिच्या मांगं गेली." थोडं चालून मग म्हणाली, "पुढच्या खेपेले तिच्या मांगं नाई जाईन." आणि मग, "गाडी कशानं फुटली?"

मी सांगितलं. ती रस्त्यात थांबली. "सगळ्यायनं टाकलं, अन् एकानं बी दुसऱ्याले सांगतलं नाई?" तिनं कपाळावर हात मारला. "आमी बाया असतो त आधी भांडलो असतो, कोनं टाकाचं म्हून."

गाडी महिनाभर आमच्या अंगणात उभी राहिली. नवं इंजिन बसवणं त्या जुन्या पत्र्याला शोभलं नसतं. अमरावतीच्या एका भंगारवाल्यानं ती नेली. काका, चुलतभाऊ आणि ढोलकीवालीचा नवरा तिघं येऊन तिला ट्रकवर चढवू लागले. त्या वेळी मात्र मी कोणाला नको म्हटलं नाही.

पण मला सांगायचं होतं ते त्याआधीचं. अकोल्यानंतरच्या पहिल्या सरावाला मी घरी होतो. नंबर आला नव्हता, म्हणजे ठरल्याप्रमाणं जमलं का नाही जमलं, हे कोणी ठरवायचं, मला कळत नव्हतं. बाया देवळात जमल्या. आधीच्या बाई जिथं बसायच्या त्या खांबाजवळची जागा रिकामी होती. सूनबाई ढोलकीच्या बाजूला जाऊन बसली, जरा मागं. माय आली, पायातल्या चपला काढल्या, आणि कोणाला न विचारता खांबाजवळ जाऊन बसली.

काकूनं पेटी उचलली. ती रोज जिथं ठेवायची तिथं न ठेवता मायच्या गुडघ्याजवळ आणून ठेवली. भाता उघडला. बोटं पट्ट्यांवर तशीच धरून म्हणाली, "बाई, कोनता सूर देऊ?"

मायनं खंजिरी हातात घेतली. मंडळात इतकी वर्षं बसली, पण तिला हे कोणी विचारलं नव्हतं.

"तू थांब," ती म्हणाली. "मी लावीन, तू मांगून ये."